बीबीसी मायक्रो, दोन केबल आणि एक बटाटा

मे महिन्यात नागपुरात सोल्डरिंग करायचं तर कूलर बंद करावा लागतो. कूलरचा झोत टेबलावर आला की सोल्डर नीट पसरायच्या आतच गोठतं. वरून जॉइंट बसल्यासारखा दिसतो आणि आत ड्राय सोल्डर, म्हणजे तार नुसती टेकलेली. कूलर बंद केला तर माणूस वितळतो. म्हणून यंदा हे काम मी पहाटे साडेपाच ते सात या वेळात उरकलं, ट्यूशनची पहिली बॅच यायच्या आत. (एक रात्र सोडून. त्या रात्रीची शिक्षा पुढे सांगते.) सासूबाई देवघरातून विचारायच्या, "कशाचा वास येऊन राहिला गं?" वास राळेचाच होता, फक्त देवापुढचा नव्हता.

हे सगळं बीबीसी मायक्रो या जुन्या ब्रिटिश कॉम्प्युटरसाठी.

आठवीत होते तेव्हा, १९८६ साली, आमच्या शाळेत हे मशीन होतं. सरकारचा 'क्लास' नावाचा प्रकल्प १९८४-८५ मध्ये सुरू झाला आणि त्यात निवडक शाळांना इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो मिळाले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं तर याच मशीनची भारतीय आवृत्ती 'युनिकॉर्न' नावानं काढली. आमच्या शाळेत त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला पडदे, चपला दाराबाहेर, आणि मशीनवर शिंप्याकडून शिवून घेतलेलं मखमली झाकण. आठवड्यातून एक तास. एका मशीनमागे आम्ही सात-आठ जणी. पुढच्या दोघींना की-बोर्ड, बाकीच्यांना पडदा. पडदा काळा, त्यावर हिरवी अक्षरं. बीबीसी म्हणजे हिरवं मशीन हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तसंच राहिलं.

मागच्या दिवाळीत भाच्यानं एका कबाड्याकडून फोटो पाठवला. "मावशी, ही तुझ्या शाळेतली वस्तू आहे का?" पिवळट पडलेला डबा, वरच्या ओळीत लाल फंक्शन की. कबाडी आधी वजनावर द्यायला तयार होता. पोराचे डोळे पाहिले आणि हजार म्हणाला.

मशीन घरी आलं तरी लगेच चालू केलं नाही, याचं श्रेय माझ्या भित्रेपणाला. या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला पारदर्शक-पिवळट कवचाचे कागदी कपॅसिटर असतात. इतक्या वर्षांत त्या कवचाला बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि चालू केल्यावर थोड्या वेळात फट् होऊन खोलीभर धूर. माझ्यातल्या दोन्ही कपॅसिटरला तडे होतेच. ते बदलले. मेन्ससाठीचे, एक्स-टू प्रकारचेच घ्यावे लागतात, साधे चालत नाहीत. मग स्विच टाकला. स्पीकरमधून तो दोन सुरांचा आवाज आला, आधी जाड, मग बारीक, आणि मी खुर्चीवर बसून घेतलं. पण दिसणार कशावर?

मागच्या बाजूला पडद्यासाठी तीन सॉकेट आहेत. पहिलं यूएचएफ, टीव्हीच्या अँटेनात घालायचं, चॅनल ३६. त्या काळी आपलं दूरदर्शन व्हीएचएफवर, त्यामुळे इथल्या कित्येक जुन्या टीव्हींना ते पकडताच येत नव्हतं. त्या वाटेला गेलेच नाही. दुसरं बीएनसी, गोल, फिरवून अडकवायचं. तिसरं आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, सहा भोकांचं गोल डिन सॉकेट. शेजारी कॅसेटचं सात पिनांचं डिन आणि सिरियल पोर्टचं पाच पिनांचं डिन. या पाच पिनांची मांडणी अशी की प्लग उलटाही शिरतो. ज्यानं कोणी ते निवडलं त्याला एकदा भेटायला आवडेल.

बीएनसी पाहून मला हसू आलं, कारण नागपुरात आज बीएनसी पिन मिळत नाही असा चौक नाही. सगळी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची कृपा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांपैकी एकीत गेले.

"कॅमेरा कोनता आहे ताई?"

"कॅमेरा नाही, कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटरले बीएनसी?" त्यानं शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं. "किती पिना देऊ?"

मी चार घेतल्या. लागणार एक होती, पण स्वतःला ओळखून आहे. सोबत आरसीए पिना आणि दोन मीटर थ्री प्लस वन केबल. कॅमेरेवाल्यांची ही केबल म्हणजे एक कोॲक्सिअल (मधे तार, भोवती जाळी) आणि बाजूला पॉवरच्या तीन बारीक वायरी. त्या तीन सोलून बाजूला ठेवल्या की उरते ती आपली व्हिडिओ केबल. एका टोकाला बीएनसी, दुसऱ्याला टीव्हीच्या पिवळ्या भोकात जाणारी आरसीए. आवाजाची वायर लागत नाही, स्पीकर मशीनच्या पोटातच आहे.

या केबलबद्दल सांगण्यासारखी गोष्ट एकच. वरची जाळी मागे वळवून पिळताना तिचा एखादा केस मधल्या तारेला चिकटून राहतो. चष्मा लावूनही दिसत नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून मधली तार आणि बाहेरचं कवच यांना टोकं लावायची. बीप वाजला तर केस अडकलाय. माझा दोनदा वाजला.

माहेरून आणलेला चौदा इंची टीव्ही लावला आणि चित्र आलं. काळं-पांढरं. 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', त्याच्या खाली तो बाण. हिरवं नाही, पण हिरवेपणा शाळेच्या मॉनिटरचा होता हे तोवर लक्षात आलं होतं. या मशीनच्या, म्हणजे मॉडेल बीच्या, बीएनसीमधून कारखान्यातून निघताना रंग सोडलेलाच नसतो. आत बोर्डावर एस३९ नावाची जागा आहे, तिथे दोन टोकं जोडली की रंगाचा सिग्नल त्यात मिसळतो. शाळेत ते कोणी जोडलं नव्हतं, जोडून उपयोगही नव्हता, मॉनिटरच एकरंगी. म्हणजे आम्ही सात-आठ जणी वर्षभर ज्या पडद्याकडे टक लावून बसलो, त्याच्या शेजारच्या सॉकेटात लाल, हिरवा, निळा येऊन थांबलेले होते आणि तिथे कोणी वायरच खुपसली नव्हती. हे कळल्यावर मी शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "तुले आत्ता राग येऊन राहिला? मले तर खोलीत एसी होता एवढंच आठवते."

एस३९ जोडलं. रंग आले, आणि अक्षरं गेली. चाळीस अक्षरांच्या ओळी ठीक होत्या, पण मोड शून्यावर, म्हणजे ऐंशी अक्षरांच्या ओळीवर गेलं की प्रत्येक अक्षराच्या कडेला इंद्रधनुष्य, आणि कडा मुंग्यांसारख्या हलतात. कारण सरळ आहे. या एकाच तारेतून उजेड, रंग आणि सिंक (चित्राच्या ओळी जागेवर धरणारा इशारा) असं सगळं जातं. पालमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या रंगपद्धतीत, रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवलेली असते. बारीक अक्षरांच्या उभ्या रेघाही तेवढ्याच वेगानं काळ्या-पांढऱ्या होऊ लागल्या की टीव्ही त्यांनाच रंग समजतो. एकाच ऑटोत तीन सवाऱ्या बसवल्यावर कोणाची पिशवी कोणाची ते उतरताना कळत नाही, तसं.

म्हणून आरजीबी. तिथे प्रत्येक रंगाला आपली वायर आणि सिंकला वेगळी. पिना अशा: १ लाल, २ हिरवा, ३ निळा, ४ सिंक, ५ ग्राउंड, ६ वर पाच व्होल्ट. यातला प्रत्येक रंग फक्त चालू किंवा बंद, मधलं काही नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ रंग. नववीच्या पोरांना मी हेच उदाहरण देते आता, नाण्यांचं सोडून दिलं.

युरोपात अशा सिग्नलसाठी टीव्हींना स्कार्ट नावाचं एकवीस पिनांचं सॉकेट असायचं. आपल्याकडे ते फारसं आलंच नाही. मी आधी शहाणपणा करून स्कार्टचं एचडीएमआय करणारा स्वस्तातला डबा ऑनलाइन मागवला. आरजीबी लावलं तर पडदा काळा. उघडून पाहिलं तर लाल, हिरव्या, निळ्या पिनांना आतून काही जोडलेलंच नाही, नुसता कॉम्पोझिटचा, म्हणजे सगळं एका तारेतून नेणारा, रस्ता. सॉकेट एकवीस पिनांचं, काम दोनाचं. परत करायची मुदत संपली होती. शेवटी भाच्यानं रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या कॉम्प्युटरवर चालणारा आरजीबी-टू-एचडीएमआय बोर्ड मिळवून दिला. हा मुक्त प्रकल्प आहे आणि मुळात बीबीसीसारख्या मशीनसाठीच झाला. हा आरजीबी जसाच्या तसा घेतो, मध्ये रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करायची भानगड नाही. टीव्हीच्या स्कार्टला ती करावीच लागते, तिथे रंगाला ०.७ व्होल्टच अपेक्षित असतात.

उरला प्लग. घरी जुना एटी की-बोर्ड पडला होता, मोठ्या गोल पाच पिनांचा. मला वाटलं पाच पिना पुरतात, सहावी पाच व्होल्टची, ती तशीही रिकामीच ठेवायची होती. पायला फोनचा चार्जर आहे, आणि सैल पाच व्होल्ट नको तिथे टेकले की चूक महाग पडते. कापली ती केबल. घालायला गेले तर शिरेना. वायर कापण्याआधी प्लग घालून पाहावा, हे कोणी सांगायला हवं का? की-बोर्डच्या पिना अर्ध्या वर्तुळात, १८० अंशांत बसवलेल्या असतात. बीबीसीच्या २४० अंशांत, आणि सहावी मधोमध. पाच बोटं दोघांनाही, पण पंजा वेगळा.

मग सॉकेटवर कागद ठेवून पेन्सिल घासली, भोकांचा ठसा घेतला आणि तो कागद घेऊन इतवारीत एका म्हाताऱ्या डेक-दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काउंटरवर पालथा केला. "पाहून घ्या. हे आता कोनी मागत नाही." अर्ध्या तासानं ठशाला जुळणारा एक सापडला. पैसे घेईनात. मी पुढच्या खेपेला संत्रा बर्फी नेऊन दिली.

वायरीसाठी जुनी व्हीजीए केबल कापली. ही युक्ती लक्षात ठेवा: बऱ्यापैकी व्हीजीए केबलच्या पोटात लाल, हिरवी, निळी अशा तीन बारीक कोॲक्सिअल असतात आणि सोबत साध्या वायरी. रंगसुद्धा आपल्याच कामाचे. केबल ७५ ओहमचीच हवी असा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. लांब केबलला ते खरंच आहे, नाहीतर चित्रामागे सावली दिसते. पण बीबीसीच्या सगळ्यात बारीक मोडमध्येही ठिपके १६ मेगाहर्ट्झनं येतात, आणि माझी केबल दीड मीटरची. एवढ्यात कोणाला सावली दिसत असेल तर त्याला घरी पोहे आहेत, तर्रीसकट.

डिन प्लगची अडचण अशी की पिना प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या असतात. डाग लागला की प्लास्टिक मऊ होतं आणि पिन वाकडी होते. जाणकार लोक प्लग जोडीच्या सॉकेटमध्ये घालून मग सोल्डर करतात. माझ्याकडे सुटं सॉकेट नव्हतं, बटाटा होता. प्लगची तोंडाकडची बाजू बटाट्यात खुपसली. पिना हलत नाहीत, आणि ओल्या बटाट्यात उष्णताही मुरते. वायरी धरायला कपड्यांचे चिमटे. नंतर प्लग पुसून उन्हात ठेवला, मे महिन्याचं ऊन पाच मिनिटांत काम करतं. बटाटा मात्र टाकून दिला, भाजीत नाही घातला. सोल्डरमध्ये शिसं असतं.

पहिली वायर, निळी, मी उत्साहाच्या भरात आदल्या रात्रीच जोडली होती. कूलर चालू ठेवून. बाकीच्या पहाटे.

जोडलं, लावलं. पडद्यावर संदेश: सिंक नाही.

बीप काढून पाहिले, एकेक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर. कागदाबरहुकूम. मग कागदच पाहिला. सॉकेटच्या ठशावर मी नंबर घातले होते, आणि सोल्डर करायच्या आधी ठसा शहाणपणानं उलटा केला होता, कारण प्लग सॉकेटच्या समोर येतो, म्हणजे आरशातलं प्रतिबिंब. बरोबर आहे. पण सोल्डर आपण प्लगच्या तोंडाकडून करत नाही, पाठीकडून करतो. म्हणजे अजून एक प्रतिबिंब. दोन आरसे, मूळ आकृती. ठसा होता तसाच वापरायचा होता. बावीस वर्षं भूमितीत परावर्तन शिकवते आहे मी. त्या दिवशी सातच्या बॅचला काही बोलले नाही.

उलटल्यामुळे १ आणि ५ ची अदलाबदल, २ आणि ४ ची अदलाबदल. लाल ग्राउंडवर, हिरवा सिंकवर. निळी तेवढी बरोब्बर मधली, ३ नंबरची, म्हणून जागच्या जागी. तिला हात न लावता बाकीच्या चार काढून पुन्हा जोडल्या. नवा बटाटा.

या वेळी चित्र आलं. अक्षरं अशी धारदार की मोड शून्यातही टिंबं मोजावीत. फक्त पिवळी. मला आधी वाटलं असंच असेल, जुन्या मशीनचा पिवळा काय वाईट. भाचा म्हणाला, "मावशी, पांढरं पायजे ना?" मग आठ पट्ट्यांचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. बीबीसीत रंग शून्यापासून सातपर्यंत असे येतात: काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, जांभळट गुलाबी, आकाशी, पांढरा. माझ्या पडद्यावर आलं: काळा, लाल, हिरवा, पिवळा, काळा, लाल, हिरवा, पिवळा.

मी तशीच बघत बसले, कारण हे इतकं स्वच्छ होतं. पहिल्या चारांत निळा नाही, पुढच्या चारांत आहे. निळा वजा केला की दुसरी चौकडी पहिलीसारखीच होते. पांढऱ्यातून निळा गेला की पिवळा, आकाशीतून गेला की हिरवा. मल्टिमीटर न उचलता मशीनच सांगत होतं, तीन नंबरची वायर बघ. बघितली. चिमट्यानं जरा ओढली तर जॉइंट अख्खा निघून हातात आला, खाली पिन कोरी. आधी तार नुसती टेकून होती, म्हणून तेव्हा बीप वाजला. ही आदल्या रात्रीची, कूलरची.

पुन्हा जोडली आणि आठही पट्ट्या आल्या. सात-आठ जणींपैकी मी एकटीनंच पाहिल्या, बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर फोटो. एकीनं विचारलं, "हे आपलंच मशीन?"

भाच्याची फर्माईश मात्र त्याच संध्याकाळी आली. "मावशी, संत्रं काढ ना."

आता नागपूरकराला हे मशीन काय देतं, तर आठ रंग आणि त्यात नारिंगी नाही. लाल आहे, पिवळा आहे, मधलं काही नाही. मी मोड एक घेतला, त्यात आपोआपच काळा, लाल, पिवळा, पांढरा हे चार मिळतात. प्लॉट ६९ नं एकेक ठिपका, चार-चारच्या पावलांनी, एक लाल, एक पिवळा, पुढच्या ओळीत उलट. गोल भरायला एवढा वेळ लागला की मधे चहा झाला. नव्या केबलवर, मोठ्या एलईडी टीव्हीवर जे दिसलं ते संत्रं नव्हतं. लाल-पिवळ्या चौकटींचा गोल रुमाल. प्रत्येक ठिपका वेगळा, एकमेकांना न शिवता.

मग मी पहिली केबल काढली, कॅमेऱ्यावाल्यांची, आणि चौदा इंची टीव्ही लावला. तिच्यातून ठिपके वेगळे राहूच शकत नाहीत. लाल पिवळ्यात घुसला, पिवळा लालात, आणि पडद्याच्या मधोमध एक भरलेलं, गोल, नारिंगी संत्रं उभं राहिलं. कडा जरा थरथरत होत्या.

सासूबाई चष्मा सावरत आल्या आणि वाकून पाहिलं.

"कडेनं हिरवट दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. "आंबिया बहाराचं असंल."